इस्रायल-पॅलेस्टाइन: नकाशा जुनाच आहे, अडतंय ते तारखेपाशी आणि पंचापाशी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या ओस्लो कराराला तीस वर्षं उलटली, गाझाची राखरांगोळी झाली, दीडशेहून अधिक देशांनी पॅलेस्टाइनला मान्यता दिली. मग आता टिकाऊ राजकीय तोडगा निघेल का, की ‘दोन राष्ट्रं’ हे फक्त भाषणात म्हणायचं उरलंय? आणि भारताला यात काही करता येईल का?

मी संयुक्त राष्ट्रांच्या नोकरीत काही वर्षं जेरुसलेम आणि रामल्लात होतो. काम मुख्यतः शस्त्रसंधीचं निरीक्षण आणि करारांच्या अंमलबजावणीचे अहवाल लिहिण्याचं. त्यामुळे माझं उत्तर थोडं कारकुनी वाटेल, पण त्याला इलाज नाही. येत्या चार-पाच वर्षांत अंतिम करारावर सह्या होतील असं मला वाटत नाही. मात्र त्याचं कारण ‘दोघांचं वैर हजारो वर्षांचं आहे’ हे नव्हे. हे वैर जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षांचं आहे, आणि भांडण जमिनीचं, सत्तेचं आणि सुरक्षिततेचं आहे. धर्माने त्याला धार आली, एवढंच.

तोडगा कसा असेल हे कुणाला माहीत नाही, असंही नाही. डिसेंबर २००० मध्ये बिल क्लिंटन यांनी दोन्ही बाजूंपुढे आपला आराखडा ठेवला: वेस्ट बँकेचा (जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा, १९६७ पासून इस्रायलच्या ताब्यातला प्रदेश) ९४ ते ९६ टक्के भाग पॅलेस्टाइनला, उरलेल्या भागाच्या बदल्यात काही इस्रायली जमीन, जेरुसलेममधल्या अरब वस्त्या पॅलेस्टाइनकडे आणि ज्यू वस्त्या इस्रायलकडे, निर्वासितांसाठी पुनर्वसनाचे वेगवेगळे पर्याय आणि भरपाई, आणि नवं राष्ट्र लष्कराविना. दोघांनीही ‘हो, पण’ म्हटलं. महिनाभरात ताबा या इजिप्तमधल्या गावी झालेल्या बैठकीत दोघं आणखी जवळ आले, तेवढ्यात इस्रायलमध्ये निवडणूक होऊन सरकार बदललं. २००८ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान एहुद ओल्मर्ट यांनी पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांना जो नकाशा दाखवला, त्यात इस्रायल सहा टक्क्यांच्या आसपास जमीन ठेवणार होता आणि जवळपास तेवढीच बदल्यात देणार होता. जुन्या शहरातला पवित्र स्थळांचा भाग पाच देशांच्या विश्वस्त व्यवस्थेखाली जाणार होता. ओल्मर्ट तो नकाशा हातात द्यायला तयार नव्हते, म्हणून अब्बास यांनी तो आठवून कागदावर रेखाटला. ओल्मर्ट स्वतः भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकले होते आणि राजीनाम्याच्या वाटेवर होते. जाणाऱ्या माणसाच्या सहीवर अब्बास यांनी आपली मान अडकवली नाही. त्यांना भित्रं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते त्या दिवशी तरी व्यवहारी वाटतात.

म्हणजे नकाशा टक्क्या-दोन टक्क्यांच्या फरकाने पंचवीस वर्षं तयार आहे. मग अडतंय कुठे? माझं मत असं की इथे प्रत्येक वेळी ‘तात्पुरती’ व्यवस्था उभी केली गेली, तिचा शेवट कुठे होणार हे लिहिलं गेलं नाही, आणि कुणी करार मोडला तर निवाडा कोण देणार हेही ठरवलं गेलं नाही. अशा व्यवस्थेत ज्याच्या हातात बळ आहे त्याला थांबण्यात फायदा असतो, आणि ज्याला शांतता नकोच आहे त्याला हवा तेवढा वेळ मिळतो.

ओस्लो पाहा. १३ सप्टेंबर १९९३ रोजी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेचे (पीएलओ) नेते अराफात यांनी हस्तांदोलन केलं. पीएलओने इस्रायलच्या अस्तित्वाचा हक्क मान्य केला. इस्रायलने पीएलओला पॅलेस्टिनी जनतेचा प्रतिनिधी मानलं. राष्ट्राचा शब्द मात्र दिला नाही. जेरुसलेम, निर्वासित, पॅलेस्टिनी भागात इस्रायलने वसवलेल्या वसाहती, सीमा हे सगळे अवघड विषय ‘नंतर’वर ढकलले गेले. पाच वर्षांची मुदत मे १९९९ मध्ये संपायची होती. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकेचे अ, ब, क असे तुकडे पडले. अ म्हणजे पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या (ओस्लोतून उभ्या राहिलेल्या मर्यादित स्वशासनाच्या) ताब्यातली शहरं, साधारण १८ टक्के. ब मध्ये नागरी कारभार त्यांचा आणि सुरक्षा इस्रायलची, साधारण २२ टक्के. उरलेला ६० टक्के क, पूर्णपणे इस्रायली लष्कराच्या हाती. हा क भाग टप्प्याटप्प्याने सोपवला जाणार होता. मुदत संपून पाव शतक झालं, तरी आजही रामल्लाहून नाबलुसला जाताना रस्त्याकडेची लाल पाटी सांगते की पुढे अ क्षेत्र आहे, इस्रायली नागरिकांना प्रवेश नाही.

या ‘तात्पुरत्या’ काळात जमिनीवर काय झालं, हे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांपेक्षा जमीन खात्याच्या कागदांतून जास्त कळतं. जॉर्डनच्या राजवटीत वेस्ट बँकेच्या साधारण एक तृतीयांश जमिनीची मोजणी आणि हक्कनोंदणी झाली होती. १९६८ मध्ये इस्रायली लष्कराने आदेश काढून ते काम थांबवलं. नोंद नसलेली जमीन कसणाऱ्याला मालकी सिद्ध करायची, तर कसल्याच्या खुणा, उस्मानी काळातली कागदपत्रं, कर भरल्याच्या पावत्या, वारसांच्या साक्षी असं सगळं गोळा करावं लागतं. नाही जमलं तर जमीन ‘सरकारी’ ठरते, आणि सरकारी जमीन वसाहतीला देता येते. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवण्यासाठी तलाठी कार्यालयात ज्यांनी खेटे घातलेत त्यांना यातली गोम लगेच कळेल. फक्त इथे तलाठी शेजाऱ्याच्याच लष्कराचा आहे. मे २०२५ मध्ये इस्रायली सुरक्षा मंत्रिमंडळाने क भागात ही नोंदणी स्वतः पुन्हा सुरू करायचं ठरवलं. आपल्या माध्यमांत त्याची दोन ओळींची बातमीही मला दिसली नाही. माझ्या मते त्या वर्षीच्या बहुतेक शिखर परिषदांपेक्षा तो निर्णय मोठा होता, कारण नोंदणी म्हणजे अंतिम मालकी, आणि अंतिम मालकी ठरवणं हा ‘तात्पुरत्या’ सत्तेचा अधिकार नव्हे.

वसाहतींचे आकडे तुम्ही ऐकलेच असतील. ओस्लोच्या वेळी पूर्व जेरुसलेम वगळून वेस्ट बँकेत लाख-सव्वा लाख इस्रायली राहत होते, आज पाच लाखांच्या घरात आहेत. पूर्व जेरुसलेममध्ये आणखी दोन लाखांहून अधिक. पण एकूण आकड्याने घाबरून जाण्यात अर्थ नाही. यातले बरेच जण १९४९ च्या युद्धबंदी रेषेला लागून असलेल्या मोठ्या वसाहतींत राहतात. त्यातही मोदीइन इलित आणि बेतार इलित ही दोन सनातनी ज्यूंची शहरं सगळ्यांत मोठी आहेत. तिथली कुटुंबं स्वस्त घरासाठी गेली, विचारसरणीसाठी नव्हे. जमिनीच्या अदलाबदलीत ती सामावता येतात. खरी डोकेदुखी आत डोंगरमाथ्यांवर विखुरलेल्या छोट्या वसाहतींची आणि ई-वन सारख्या जागांची. जेरुसलेम आणि माले अदुमीम ही वसाहत यांच्यामधला हा सुमारे बारा चौरस किलोमीटरचा पट्टा. तिथे साडेतीन हजारांच्या आसपास घरांच्या योजनेला ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. ती बांधली गेली की रामल्ला आणि बेथलेहेम यांच्यातला सलग प्रदेश तुटतो. अर्थमंत्री बेझालेल स्मोट्रिच यांनी ही योजना पॅलेस्टिनी राष्ट्राची कल्पना गाडण्यासाठी आहे हे लपवलं नाही. त्यांच्या या स्पष्टवक्तेपणाबद्दल आभारच मानायला हवेत.

पैशाचंही तसंच. १९९४ च्या पॅरिस प्रोटोकॉलनुसार पॅलेस्टिनी भागात येणाऱ्या मालावरची जकात आणि व्हॅट इस्रायल गोळा करतो, हाताळणीचे तीन टक्के कापतो आणि उरलेली रक्कम दरमहा प्राधिकरणाला देतो. प्राधिकरणाचं साधारण दोन तृतीयांश उत्पन्न याच वाटेने येतं. ही व्यवस्थाही पाच वर्षांपुरतीच होती. राग आला की इस्रायली अर्थखातं पैसे अडवतं. २०२५ मध्ये तर महिनोन्‌महिने हस्तांतर बंद राहिलं. शिक्षक, परिचारिका, पोलीस अर्ध्या पगारावर काम करतात. मग वॉशिंग्टन आणि ब्रसेल्सहून पाहुणे येतात आणि प्राधिकरणाचा कारभार सुधारा असं सांगून जातात. कारभार खरोखर वाईट आहे, त्यात शंका नाही. पण तिजोरीची किल्ली दुसऱ्याकडे असताना सुधारणा कशी करायची, हे त्या पाहुण्यांपैकी कुणी समजावून सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही.

याच्या उलट टिकलेला करारही याच भागात आहे, आणि त्याच्याकडे लोक पुरेसं पाहत नाहीत. १९७९ चा इजिप्त-इस्रायल करार. १९७३ पर्यंत हे दोन देश चार मोठी युद्धं लढले होते. करारात काय होतं? १९६७ मध्ये इस्रायलने घेतलेलं सबंध सिनाई इजिप्तला परत, तीन वर्षांत, ठरलेल्या टप्प्यांत. एप्रिल १९८२ मध्ये यामित ही वसाहत इस्रायलने स्वतः बुलडोझर लावून पाडली, तीही एरिएल शेरॉन संरक्षणमंत्री असताना. देखरेखीसाठी संयुक्त राष्ट्रांचं दल मिळेना, कारण सोव्हिएत नकाराधिकाराची भीती होती; तेव्हा अमेरिकेने वेगळंच बहुराष्ट्रीय दल उभं केलं. त्याचा खर्च तिघं वाटून घेतात, आणि ते आजही सिनाईत आहे. करार करणारे इजिप्तचे अध्यक्ष सादात यांची १९८१ मध्ये हत्या झाली, तरी सहा महिन्यांनी माघार वेळेवर पूर्ण झाली. तारखा कुणा एका माणसाच्या मर्जीवर सोडलेल्या नव्हत्या म्हणून.

त्याच करारातलं ताबाचं प्रकरण मला सगळ्यांत शिकण्यासारखं वाटतं. तांबड्या समुद्राच्या टोकाशी किनाऱ्याचा एक छोटा तुकडा, त्यावर इस्रायली मालकीचं हॉटेल. सीमेचे जुने खांब नेमके कुठे होते यावर वाद. इस्रायलने तो तुकडा सोडायला नकार दिला. इजिप्त युद्धावर गेला नाही, कारण मतभेद झाल्यास लवादाकडे जायचं हे करारातच लिहिलं होतं. जिनिव्हात पाच जणांचा लवाद बसला, सप्टेंबर १९८८ मध्ये ताबाबाबत निकाल इजिप्तच्या बाजूने लागला, मार्च १९८९ मध्ये ताबा परत गेलं. ओस्लोतही लवादाचं कलम आहे, पण दोघांची संमती असेल तरच ते चालतं, त्यामुळे ते कधी वापरलंच गेलं नाही.

आणि वेस्ट बँकेतलं हेब्रॉन शहर. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी बारूख गोल्डस्टाइन या वसाहतवाल्याने तिथल्या मशिदीत नमाज पढणाऱ्या २९ जणांना गोळ्या घातल्या. पुढे तिथे सहा देशांचं निरीक्षक पथक आलं: नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, स्वित्झर्लंड, इटली, तुर्कस्तान. निःशस्त्र. अहवाल गोपनीय. मुदतवाढ दर सहा महिन्यांनी, दोन्ही बाजूंच्या संमतीने. ही माणसं मन लावून काम करत होती. जानेवारी २०१९ मध्ये नेतान्याहू यांनी मुदतवाढ नाकारली आणि पथक घरी गेलं. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच हातात परवानगी असलेला पंच सामन्याच्या मध्यावर मैदानाबाहेर काढला जातो, यात नवल नाही.

शेवट न ठरलेल्या काळाचा फायदा अतिरेक्यांनी कसा घेतला हेही या वर्षांतच दिसतं. गोल्डस्टाइननंतर चाळीस दिवसांनी हमासने अफुला इथे बॉम्बहल्ला केला. ४ नोव्हेंबर १९९५ रोजी ओस्लोला विरोध असलेल्या यिगाल अमीर या ज्यू तरुणाने राबिन यांना ठार मारलं. फेब्रुवारी-मार्च १९९६ मध्ये आत्मघाती हल्ल्यांची मालिका झाली आणि मेमध्ये नेतान्याहू तीस हजारांहूनही कमी मतांनी निवडून आले. दोन्हीकडच्या कडव्यांनी एकमेकांशी एक शब्दही न बोलता एकमेकांचं काम केलं.

इस्रायली बाजूचा एक युक्तिवाद मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. अश्दोद या इस्रायली बंदराच्या शहरात कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली ज्यूंची घरं आहेत. तिथे चहा घेताना मी तो चक्क मराठीत ऐकला आहे: ‘गाझा सोडला, मिळालं काय? रॉकेटं!’ २००५ मध्ये तेव्हा पंतप्रधान असलेल्या शेरॉन यांनी गाझातल्या २१ वसाहती आणि सुमारे आठ हजार माणसं हलवली. जानेवारी २००६ मध्ये हमासने १३२ पैकी ७४ जागा जिंकल्या, जून २००७ मध्ये बंदूक वापरून गाझा ताब्यात घेतला. आणि ७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुमारे १,२०० माणसं मारली, २५१ ओलीस नेले. अश्दोदच्या माणसाला नकाशातले टक्के ऐकवून काही होत नाही. वेस्ट बँकेच्या टेकडीवरून त्याचा मुख्य विमानतळ दिसतो. माझं त्याला एवढंच सांगणं असे की गाझातून माघार झाली ती एकतर्फी, कुणाशी करार न करता. किल्ली अब्बास यांच्या हाती सोपवली नाही, आणि मग हमासला गावभर सांगता आलं की हे आमच्या बंदुकीने झालं. त्याला ते पटायचं नाही. पण घटनांचा क्रम तसाच आहे.

पॅलेस्टिनी बाजूलाही करार करणारं घर शाबूत नाही. अब्बास जानेवारी २००५ मध्ये चार वर्षांसाठी निवडून आले, त्यानंतर अध्यक्षपदाची निवडणूक झालेलीच नाही. लोकांच्या विश्वासाला उतरेल असा नेता म्हणून ज्याचं नाव जनमत चाचण्यांत सतत वर येतं, तो मारवान बारघुती २००२ पासून इस्रायली तुरुंगात पाच जन्मठेपा भोगतो आहे. हमासला शस्त्रं सोडायची नाहीत. आणि गाझाच्या आरोग्य खात्यानुसार सत्तर हजारांहून अधिक माणसं मेल्यावर तिथल्या माणसाकडे ‘सहअस्तित्वा’ची भाषा घेऊन जायची माझी तरी छाती होणार नाही.

आता सध्याची चौकट. ट्रम्प यांची गाझासाठीची वीस कलमी योजना, १० ऑक्टोबर २०२५ पासूनची शस्त्रसंधी, आणि १७ नोव्हेंबरचा सुरक्षा परिषदेचा ठराव २८०३, जो रशिया आणि चीन तटस्थ राहिल्याने १३ विरुद्ध शून्य असा संमत झाला. ओलीस परतले, बॉम्बवर्षाव बराच कमी झाला, मदत वाढली. हे मोठं काम आहे आणि त्याला नावं ठेवणार नाही. पण वर सांगितलेल्या दोन कसोट्या लावून पाहा. शेवट काय? प्राधिकरणाने सुधारणा केल्या आणि गाझाची उभारणी पुढे सरकली, तर स्वयंनिर्णयाच्या आणि राष्ट्राच्या विश्वासार्ह वाटेसाठी परिस्थिती ‘कदाचित’ तयार होईल, असं ठराव म्हणतो. सुधारणा पुरेशा झाल्या हे कोण ठरवणार? स्पष्ट नाही. गाझासाठी ठरावाने मान्य केलेल्या आंतरराष्ट्रीय दलाची आणि कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या शांतता मंडळाची मुदत मात्र नीट लिहिलेली आहे: ३१ डिसेंबर २०२७. दरम्यान इस्रायली लष्कर माघार घेऊन पिवळ्या रेषेवर थांबलं, आणि ती रेषा गाझाचा निम्म्याहून अधिक भाग त्याच्याकडे ठेवते. तात्पुरत्या रेषांचा या भूमीतला इतिहास पाहता मला या रेषेची काळजी वाटते. १९४९ ची रेषाही तात्पुरतीच होती.

एकच राष्ट्र, सगळ्यांना समान मत, हा पर्याय तरुण पॅलेस्टिनींना आणि परदेशी विद्यापीठांना आवडतो. नदी आणि समुद्राच्या मध्ये आज साधारण सत्तर लाख ज्यू आणि जवळपास तेवढेच पॅलेस्टिनी आहेत. पहिल्याच दिवशी सैन्य कुणाचं, यावर ते राष्ट्र फुटेल. दोन राष्ट्रं, पण खुल्या सीमा आणि काही सामायिक संस्था, असा संघराज्याकडे झुकणारा विचार दोन्हीकडचे काही गट मांडतात, तो मला अधिक गंभीर वाटतो. गंमत म्हणजे १९४७ च्या संयुक्त राष्ट्र समितीत भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी फाळणीऐवजी संघराज्याचीच शिफारस केली होती. तेव्हा दोन्ही बाजूंनी ती फेटाळली.

तर शक्यता किती? इस्रायली संसदेने जुलै २०२४ मध्ये ६८ विरुद्ध ९ मतांनी पॅलेस्टिनी राष्ट्राला विरोध नोंदवला, आणि हा फक्त उजव्यांचा सूर नव्हता. त्यामुळे सरकार बदललं तरी लगेच वारं फिरणार नाही. मी नेत्यांच्या भाषणांकडे पाहायचं केव्हाच सोडलं आहे. मी पाहतो ते असं: क भागातली जमीन नोंदणी थांबते का, ई-वनवर खोदकाम सुरू होतं का, कराचे पैसे तिसऱ्या कुणाच्या हातून जाऊ लागतात का, पॅलेस्टिनी निवडणुकीत पूर्व जेरुसलेमच्या लोकांना मत देऊ दिलं जातं का, आणि सौदी अरेबिया संबंध जोडण्याच्या बदल्यात तारीख मागतो की नुसता ‘मार्ग’ मागतो. शेवटची गोष्ट सगळ्यांत वजनदार आहे. इस्रायलला खरोखर हवी असलेली आणि अमेरिकेखेरीज दुसऱ्या कुणाकडे असलेली वस्तू सध्या रियाधकडेच आहे. यातल्या तीन गोष्टी एका वर्षात योग्य दिशेने हलल्या तर मी माझा अंदाज बदलेन.

भारताबद्दल. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाइनला मान्यता दिली, १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, आणि १२ सप्टेंबर २०२५ रोजी आमसभेत दोन राष्ट्रांच्या न्यूयॉर्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं. मध्यस्थी करायला दिल्लीकडे ना दबाव आहे ना तशी इच्छा. दुसरीकडे पॅलेस्टिनी मजुरांचे परवाने बंद झाल्यावर इस्रायलने २०२४ मध्ये बांधकामासाठी भारतीय कामगार नेले, म्हणजे नकळत आपणही त्या अर्थव्यवस्थेतल्या पोकळीत पाय रोवला आहे. उपयोग होईल तो वेगळ्याच कामात. १९५६ ते १९६७ या काळात गाझात तैनात असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलात भारतीय सैनिक होते, त्यातले काही १९६७ च्या युद्धात तिथेच मारले गेले. लेबनॉनमध्ये आणि गोलानमध्येही आपल्या सैन्याने काम केलं आहे. उद्या सीमानाके, बंदर, सीमाशुल्क यांवर दोघांनाही चालेल असा तिसरा माणूस बसवायची वेळ आली, तर तेल अवीव आणि रामल्ला या दोन्ही ठिकाणी कार्यालय असलेला आणि दोघांशीही बोलणं ठेवलेला देश म्हणून भारताचं नाव पुढे येऊ शकतं. पण पाठवायचे असतील तर सहा महिन्यांच्या परवानगीवर पाठवू नयेत. आधी लवादाचं कलम आणि मुदत लिहून घ्यावी, मग माणसं विमानात बसवावीत.